याकूबची हनुवटी

मी दार ढकललं तेव्हा याकूबने हनुवटी टेबलावर टेकवली होती आणि डोळे मिटलेले होते. दोन्ही स्पीकर त्याच टेबलावर चालू होते. इंदूताई काळगींचा अभंग दुसऱ्या कडव्यात पोचला होता आणि आमच्या स्टुडिओतला सगळ्यात तयार कानांचा माणूस बुधवारी भर दुपारी पेंगत होता. निदान मला तसं वाटलं. मी चपला काढल्या, घसा खाकरला, पिशवी खाली ठेवली. त्याला पत्ता नाही. माझी सावली त्याच्या तोंडावर पडली तेव्हा तो दचकला आणि त्याने माउसवर हात मारून पडद्यावरची एक खिडकी झटकन बंद केली.

"काय बघत होतास?"

"काही नाही."

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. 'काही नाही' म्हणजे साधारण किती असतं, याचा मला अंदाज होता.

ही दोन हजार अकराची गोष्ट. मिरजेत आमचा स्टुडिओ होता, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पंपाच्या दुकानामागे एक खोली होती. तिला आतून गोणपाट आणि जुन्या गाद्या ठोकून आम्ही बाहेर 'नाद रेकॉर्डिंग' अशी पाटी लावली होती. पैसा माझा, म्हणजे सासऱ्यांचा. कान याकूबचे. त्याचं घराणं तंबोरे करणाऱ्यांचं. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानशीने हलके हात मारत तारेतून तो भरलेला, गुणगुणता आवाज काढतात, त्याला जवारी म्हणतात. त्याचे वडील जवारी लावणारे म्हणून हुबळीपर्यंत ठाऊक होते. जवारीला मोजमाप नसतं, कानच असतो. त्या गल्लीत पोराचं लग्न ठरवतानासुद्धा आधी कानाची चौकशी होते असं याकूब सांगायचा. मला ते खरं वाटायचं.

तर त्या आठवड्यात आमच्या मानेवर सुरी होती. पुण्याच्या एका कंपनीने इंदूताईंचे दोन अभंग नमुना म्हणून मागितले होते. पसंत पडले तर वर्षाला चोवीस अल्बम आमच्याकडे. नाही पडले तर स्टुडिओ बंद, कारण मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खोली परत मागितली होती. त्यांना तिथे पंपाची खोकी रचायची होती. टेप घेऊन ते एकदा येऊन खोली मोजूनही गेले होते, आणि तेही रेकॉर्डिंग चालू असताना. त्या अभंगात अजून टेप गुंडाळल्याचा आवाज आहे, ऐकणाऱ्याला तो चिपळ्यांचा वाटतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने सीडी पुण्याला पोचवायची होती. गाणं रेकॉर्ड झालं होतं. राहिलं होतं ते मिक्सिंग, म्हणजे गळा, पेटी, तबला, टाळ यांना आपापल्या जागी बसवणं, आणि मग मास्टरिंग, म्हणजे सगळ्यावरून शेवटचा हात फिरवणं. त्यासाठी कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोग्रॅमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम मिळतात, प्लगइन म्हणतात त्यांना. जगात ते हजारोंनी आहेत आणि आमच्याकडे मामांनी एकदाचे म्हणून मंजूर केलेले तीस हजार रुपये होते.

मंजुरीचा प्रसंग सोपा नव्हता. मामांचं नाव नेमगोंडा चौगुले. आयुष्यभर बीड धातू आणि तांब्याची तार यांवर विश्वास ठेवलेला माणूस. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, ही वस्तू येणार कशातनं?" मी म्हटलं, तारेतून, इंटरनेटवरून. खोकं नाही का? नाही. वजन? नाही. बिघडलं तर परत काय देणार? त्यांनी बोटाने पडद्याच्या काचेवर दोनदा टकटक केलं, जसं ते पंपाच्या अंगावर करतात, आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात होते. सोबत निरोप होता की त्या मुसलमानाच्या पोरावर आपला विश्वास आहे, जावयाचं आपण बघून घेऊ.

विकत घेण्याआधी प्लगइन चौदा दिवस फुकट वापरून बघता येतात. मात्र फुकट्यांना फुकटेपणाची आठवण राहावी म्हणून काही प्लगइन दर मिनिटाला मध्येच 'स्स्स' असा बारीक फुसकारा टाकतात. आम्ही दोन बाजूला काढले होते. एक गाभारा देणारा, म्हणजे कोरड्या आवाजाला देवळातला घुमार चढवणारा, पंधरा हजारांचा. तो फुसकारायचा. दुसरा माझा लाडका, तोही पंधराचा. जुन्या काळच्या एका विलायती यंत्राची ती हुबेहूब नक्कल होती. पडद्यावर त्याची लाकडी चौकट दिसायची, पितळी खुंट्या दिसायच्या आणि मधोमध एक दिवा जळायचा. चित्रातला दिवा. पण तो जळायला लागला की आवाजाला ऊब यायची. मी सोमवारी तो इंदूताईंच्या गळ्यावर लावला आणि मंगळवार-बुधवार त्याच्याबद्दल बोलत राहिलो. काय तो मध, काय तो गोडवा, खर्जात कसं शाल पांघरल्यासारखं वाटतं. याकूब ऐकून घ्यायचा आणि मान खाली घालायचा. मला वाटलं, भारावला.

पण त्या आठवड्यात मला भलतंच दिसायला लागलं.

गेले तीन महिने याकूबच्या हाताखालून निघणारं गाणं टोचायला लागलं होतं. बँडवाल्या शिंद्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या सीडीत झांजा दाताला लागतात. इंदूताईंच्या अभंगातला 'स' सुरीसारखा यायचा. ज्याला तारेतला केसभर फरक कळतो, त्याला हे कळत नसेल? त्यातून मंगळवारी मी त्याने तयार केलेली फाइल ऐकली. पहिल्या अभंगात, ताई दम घेतात त्या जागी, ठणठणीत 'स्स्स'. गाभाऱ्याचा फुसकारा तसाच राहिला होता. मी विचारलं, सगळं ऐकलंस का? म्हणाला, दोनदा.

आणि मंगळवारची दुसरी गोष्ट. दर मंगळवारी तो दुपारी दोन तास सांगलीला जायचा. मी मामांना हे बोललो तर त्यांनी पान लावता लावता एवढंच विचारलं की मिरजेचा माणूस सांगलीला कशाला जातो. प्रश्न बरोबर होता. दुखलं खुपलं तर सांगलीच मिरजेला येते, इथे दर चौथ्या दारावर डॉक्टर. वाद्यं आमच्याकडे, रेल्वेचं जंक्शन आमच्याकडे. सांगलीत असं काय आहे? मला एकच गोष्ट आठवली. तिथे नवा स्टुडिओ निघाला होता, काचेच्या दाराचा, आणि त्याच्या मालकाने याकूबला पूर्वी एकदा बोलावून चहा पाजला होता.

माझ्या डोक्यात सगळं आपापल्या खाचेत बसलं. पोरगा फुटला. आमचा नमुना मुद्दाम नासवून पुण्याला जाणार, कंपनी नाही म्हणणार, चोवीस अल्बम काचेच्या दारातून आत. आणि ह्या खोलीत पंपाची खोकी.

गुरुवारी पुरावाच हातात आला. खरेदीसाठी कार्ड मी याकूबकडे देऊन ठेवलं होतं. स्टुडिओच्या ईमेलवर पावती आली, एकवीस हजारांची. मी उघडली. गाभारा नव्हता. दिवा नव्हता. होता तो मीटरांचा संच. आवाजाला काहीही न करणारा. आत काय चाललंय ते रंगीत आलेखांत फक्त दाखवणारा. उपाशी माणसाने जेवणाच्या पैशात वजनकाटा आणावा तसं ते होतं. उरलेल्या नऊ हजारांत गाभारा येत नव्हता.

मी भांडलो नाही. माझा स्वभाव गोड आहे असं लोक म्हणतात. खरं कारण असं की मला तो रंगेहाथ सापडायला हवा होता, आणि तोही साक्षीदारासमोर. शनिवारी सकाळी इंदूताई गाणं ऐकायला येणार होत्या. मी शुक्रवारी संध्याकाळी गाभाऱ्याचा फुसकारा ताईंच्या गळ्यावर पुन्हा सोडला. मिनिटाला एक नव्हे, कापून चिकटवून चांगले पाच केले.

इंदूताई त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या. उंच, सडसडीत, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या, आणि स्तुती केली की संशयाने बघणाऱ्या. त्यांना खुर्ची दिली. याकूब खिडकीशी उभा राहून ताईंसाठी चहा गाळत होता. मी गाणं लावलं.

पहिला 'स्स्स' आला. ताईंनी भुवई उचलली. याकूब चहा गाळत होता. दुसरा आला. ताईंनी कानाला हात लावला. याकूबने कपबशी पुसली. मी त्याच्याकडे बघत होतो. ज्याला माहीत आहे आणि लपवायचं आहे, त्याचा खांदा तरी हलतो. याचा खांदा हलत नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा जरा कसंतरी झालं, पण एवढी मेहनत केल्यावर संशय सहज टाकवत नाही.

चहा देऊन तो टेबलाशी आला, बसला. नवे मीटर पडद्यावर होते. हिरव्या डोंगरासारखा आलेख हलत होता. तिसरा फुसकारा आला तेव्हा डोंगराच्या उजव्या टोकाला एक बारीक सुई उठून गेली. याकूबने ताबडतोब गाणं थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. सुई पुन्हा उठली. त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"भूपाल, इथं काहीतरी आहे. काय आहे?"

मी म्हटलं, "तूच सांग."

त्याने हनुवटी टेबलावर टेकवली, डोळे मिटले आणि गाणं तिसऱ्यांदा लावलं. 'स्स्स' आला आणि गेला. खोलीतल्या गाद्यांनासुद्धा ऐकू गेला असेल. तो तसाच राहिला, हनुवटी टेकवून.

इंदूताईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"किती महिने झाले रे?"

तो उठला नाही. त्या पुढे म्हणाल्या, "तुझा बाप शेवटी शेवटी असाच तंबोऱ्याच्या भोपळ्याला हनुवटी लावून बसायचा. कानानं येत नाही ते हाडानं घ्यायचा. कुणाला सांगितलं नाही त्यानं. मला कळलं होतं."

"चार झाले ताई," याकूब टेबलाशीच बोलला. "खालचं सगळं येतंय. वरचं गेलंय."

मंगळवारी तो सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे जात होता. मिरजेत गेला असता तर तपासून बाहेर यायच्या आत ही बातमी तंतुवाद्यांच्या गल्लीत पोचली असती, आणि मग धाकट्या भावाच्या हातची जवारीसुद्धा कुणी घेतली नसती. वरचं ऐकू येत नाही म्हणून गाण्यात तो वरचं वाढवत नेत होता, स्वतःला येईपर्यंत. तिथे झांजा लोकांच्या दाताला लागत होत्या. हे त्याला शिंद्यांनी सांगितल्यावर उमगलं. मग त्याने ठरवलं की कान देत नाहीत ते डोळ्यांकडून घ्यायचं, आणि मीटर घेतले. बुधवारी घाईने बंद केलेली खिडकी मीटर विकणाऱ्या इंटरनेटवरच्या दुकानाची होती.

"मला का सांगितलं नाहीस?"

"कान माझे आणि पैसा तुझा, असं ठरलं होतं. कान गेल्यावर माझं काय उरतं ह्यात?"

मी ताईंकडे बघितलं. त्यांचं गाणं होतं, त्यांचं नाव जाणार होतं. त्यांनी उठून पदर खोचला असता आणि काचेच्या दाराची वाट धरली असती तरी मी काही बोलू शकलो नसतो. त्या बसूनच होत्या.

"माझा तंबोरा आहे ना, त्याची जवारी तुझ्या बापानं हनुवटी लावून केलीय. सव्वीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही मी," त्या म्हणाल्या. "पण काय रे भूपाल, तो फुसका आवाज कुणाचा?"

मला कबूल करावं लागलं. पाचही फुसकारे माझे, का टाकले तेही सांगितलं. सांगली, काचेचं दार, चहा, सगळं. ऐकताना याकूबचं तोंड आधी उतरलं आणि मग, मला आवडली नाही अशा पद्धतीने, हळूहळू सैल झालं.

"मग माझ्याकडनंही एक घे," तो म्हणाला. "तुझा तो दिव्याचा प्लगइन. सोमवारी कॉम्प्युटर अडखळत होता म्हणून मी बंद केला. सांगणार होतो, तेवढ्यात तू म्हणालास, काय मध आहे. मग मंगळवारी शाल म्हणालास. मला धीर झाला नाही."

मी पडद्याकडे बघितलं. दिवा जळत होता. कोपऱ्यात, तिळाएवढं, चालू-बंदचं बटण होतं. बंद होतं. चित्रातला दिवा कसाही जळतोच.

"म्हणजे मला वरचं ऐकू येत नाही," याकूब म्हणाला, "आणि तुला नसलेलं ऐकू येतं. दोघांनी मिळून एक माणूस होतोय का बघू."

इंदूताई हसल्या. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. नंतर त्यांनी गाणं सोमवारी जायलाच पाहिजे एवढं सांगितलं आणि चहा संपवला.

दुपारपासून आम्ही कामाला लागलो. तो आलेख बघायचा, मी ऐकायचो. मी 'टोचतं' म्हटलं की तो सुई शोधून कापायचा. मी 'ऊब आली' म्हटलं की तो आधी बटण चालू आहे का ते बघायचा. प्रोग्रॅमबरोबर फुकट आलेली हत्यारं होती, तेवढ्यावर गळा, पेटी, तबला जागच्या जागी आले. 'स' बोथट झाला. टेपच्या चिपळ्या तेवढ्या राहू दिल्या. अडलं ते गाभाऱ्यापाशी. आवाज स्वच्छ होता, पण इंदूताई बँकेत उभं राहून गातायत असं वाटत होतं.

रविवारी सकाळी याकूब मामांच्या हौदाशी उभा दिसला. दुकानामागे पंप चालवून दाखवायचा सिमेंटचा हौद होता, आठ फूट खोल, आतून घोटून गुळगुळीत केलेला. तो काठावर वाकून आत 'हूं' म्हणत होता आणि हनुवटी काठाला लावत होता. मला बघून म्हणाला, पाणी काढायला सांग.

मामांना पटवायला गाभाऱ्यापेक्षा जास्त कष्ट पडले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तीस हजारांची अदृश्य वस्तू आणली आणि आता पाणीही अदृश्य करायचं का. पण पंप दाखवायची संधी त्यांना सोडवत नाही. पाच हॉर्सपॉवरचा लावला, पंचवीस मिनिटांत हौद कोरडा. आम्ही एका कोपऱ्यात स्पीकर ठेवला, दुसऱ्या कोपऱ्यात माइक टांगला आणि ताईंचा नुसता गळा त्या हौदात सोडला. आवाज भिंतींवर फिरून, जड होऊन, हळू वर आला. मामा काठावर उभे होते. हातातलं पान हातातच राहिलं. अभंग संपल्यावर त्यांनी वाकून हौदाच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं.

तो घुमार आम्ही गाण्याखाली मिसळला. किती मिसळायचा, हे याकूबने पडद्याकडे पाठ करून, हनुवटी टेबलावर टेकवून ठरवलं. मी त्यात पडलो नाही.

सोमवारी सीडी गेली. नवव्या दिवशी पुण्याहून फोन आला. दोन्ही अभंग पसंत होते, चोवीस अल्बमचा कागद निघत होता. मामांनी खोक्यांसाठी पत्र्याची शेड टाकायचं ठरवलं आणि त्या शेडचा दोष माझ्याकडे ठेवला. फोनवरच्या माणसाने जाता जाता आवाज खाली आणून विचारलं की बाईंच्या गळ्यावर जो घुमार आहे तो कुठल्या प्लगइनचा. मी याकूबकडे बघितलं. तो काही मदत करीना.

"नेमगोंडा," मी म्हटलं.

"विलायती आहे?"

"नाही, इथलाच. पाच हॉर्सपॉवर."

पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला.

अकरा वर्षं आम्ही ते काम केलं. याकूबच्या कानाची बातमी गल्लीत गेली नाही. इंदूताई तेवढ्या अधूनमधून येऊन, मला ऐकू जाईल अशा बेताने, त्याला विचारायच्या की भूपालचं दुखणं आता कसं आहे.

मंगळवारी आम्ही अजून सांगलीला जातो, हल्ली दोघं. डॉक्टर याकूबचे कान तपासतो, त्याच्या कानातलं बारीकसं श्रवणयंत्र उघडतो, काहीतरी बारीक पिळतो. मग, आलोच आहे तर म्हणून, माझेही बघतो. गेल्या मंगळवारी मला म्हणाला, ह्या वयाला इतके उत्तम कान मी पाहिले नाहीत. याकूब तेव्हा खिडकीबाहेर बघत होता, त्यामुळे मला साक्षीदार नाही.